पेरूच्या वाळलेल्या फांदीकडे आधी बघा

प्रश्न: घरामागे आंबा, लिंबू आणि पेरू अशी तीन झाडं आहेत. गेल्या काही महिन्यांत आंब्याची पानं काळी पडली आहेत. खालची फरशीही चिकट होते. घरातले सगळे म्हणतात, हा रोग बाकीच्या झाडांना लागेल, आंबा तोडून टाका. लिंबाची पानं पिवळी होत आहेत आणि खोडावर जमिनीलगत डिंक दिसतो. मी रोज सकाळी न चुकता बुंध्याशी पाणी घालते. पेरू तसा बरा आहे, फक्त पावसानंतर एका बाजूची फांदी वाळली. तिन्ही झाडांवर मी एकच बुरशीनाशक दोनदा फवारलं, पण काही फरक नाही. झाडाला रोग झालाय हे ओळखायचं कसं? आणि आंबा खरंच तोडावा लागेल का?

उत्तर: आंबा तोडू नका. निदान तुम्ही लिहिलेल्या कारणासाठी तरी मुळीच नाही.

तुमच्या पत्रात सर्वांत जास्त ओळी आंब्याबद्दल आहेत आणि पेरूबद्दल जेमतेम एक. मला मात्र काळजी वाटते ती उलट क्रमानं. आंब्याचं दुखणं दिसायला भयंकर आहे, पण तिघांत तेच सर्वांत सौम्य. लिंबाला वेळेवर हात घातलात तर तो सुधारण्याची चांगली शक्यता आहे. आणि ‘तसा बरा’ असलेला पेरू कदाचित तिघांत सर्वांत आजारी आहे. परसातल्या झाडांच्या बाबतीत हे फार वेळा होतं. जे काळं, चिकट, ओंगळ दिसतं त्याची आपल्याला धास्ती वाटते आणि एखादी फांदी निमूटपणे वाळली तर तिकडे लक्षही जात नाही.

आंब्यापासून सुरू करते, कारण त्याची परीक्षा सोपी आहे. एक काळं पान तोडा, बोट ओलं करा आणि पानावर जोरानं घासा. काळा थर निघाला आणि खाली हिरवं, धड पान दिसलं, तर ती काजळी आहे. काजळी ही बुरशीच, पण ती पानाच्या आत शिरत नाही. पानावर पडलेल्या गोड चिकट स्रावावर ती जगते. तो स्राव टाकतात रस शोषणाऱ्या किडी: तुडतुडे, पिठ्या ढेकूण, खवले कीड, मावा. फरशी चिकट होण्याचं कारणही तेच. खोडावरून मुंग्यांची रांग वर जाताना दिसते का पाहा. मुंग्यांना तो गोडवा हवा असतो आणि त्या बदल्यात त्या या किडींची राखण करतात. म्हणजे काळ्या पानांवर बुरशीनाशक मारून मूळ कारण जागेवरच राहतं. दोन फवारण्या वाया गेल्या त्या यामुळे.

आता पानाच्या मागे आणि कोवळ्या शेंड्यांवर बघा. पांढरे कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. नखानं खरवडल्यावर निघणारे तपकिरी ठिपके म्हणजे खवले. फांदी हलवली की टुणकन उड्या मारणारे बारीक किडे म्हणजे तुडतुडे. कीड दिसली की पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या मागून मारा. त्यानंतर सौम्य साबणाचं पातळ पाणी संध्याकाळी फवारा, पण आधी दोन-चार पानांवर करून एक दिवस थांबा. पानं करपली नाहीत तरच पूर्ण झाडावर. मुंग्यांसाठी खोडाला कागद किंवा कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट पदार्थ लावा. तो थेट सालीवर लावू नका. झाडाच्या आत ऊन-वारा जात नसेल तर आतल्या गुंतलेल्या बारीक फांद्या विरळ करा, कारण दाट, दमट सावलीत या किडी सुखानं वाढतात. जुन्या पानांवरची काजळी लगेच जाणार नाही. नवी पालवी स्वच्छ आली की समजा काम झालं.

बोटानं काळेपणा निघाला नाही, डाग पानाच्या आतच आहेत, वेडेवाकडे, सुकून भोकं पडणारे, तर तो करपा. मोहोरावर पांढरी पूड दिसली तर भुरी. मोहोराचे किंवा पालवीचे दाट, आखूड, न उलगडणारे झुबके झाले असतील तर ती मोहोराची विकृती. असे झुबके खालच्या निरोगी फांदीचा थोडा भाग घेऊन कापून काढावे लागतात. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही, म्हणून इथेच थांबते.

तुम्ही विचारलंत, रोग ओळखायचा कसा. बहुतेक लोक डाग पडलेलं एक पान हातात घेऊन ते कुठल्यातरी चित्राशी जुळवायला जातात आणि तिथेच चुकतात. पिवळं पान वीस कारणांनी होतं. पान जवळून बघण्याआधी दहा पावलं मागे जा आणि झाडाकडे वरपासून खालपर्यंत बघा. बिघाड सगळ्या झाडभर सारखा आहे की एकाच बाजूला? वरून खाली उतरतोय की खालून वर चढतोय? जुनी पानं बिघडली आहेत की नवी? शेजारच्या वेगळ्या जातीच्या झाडांनाही तेच होतंय का?

या शेवटच्या प्रश्नाला मी फार महत्त्व देते. रोगजंतू सहसा आपापलं झाड निवडून येतात. लिंबावरचा खैऱ्या रोग आंब्याला लागत नाही आणि आंब्याची भुरी पेरूवर जात नाही. त्यामुळे आंबा, गुलाब, जास्वंद आणि गवत असं सगळं एकाच आठवड्यात सुकलं असेल, तर रोगाच्या आधी पाणी, ऊन, क्षार, तणनाशक, सांडलेलं रसायन यांचा विचार करायचा. अशा इजेची सीमा पुष्कळदा ठळक असते: भिंतीकडची बाजू करपली, रस्त्याकडची ठीक. ती एकदा होते आणि थांबते. रोग मात्र पसरतो. आज चार पानं, पंधरा दिवसांनी चाळीस. म्हणून एकाच जागी उभं राहून दर आठवड्याला त्याच झाडाचा त्याच बाजूनं फोटो काढा. तीन-चार फोटो शेजारी ठेवले की बिघाड हलतोय की थांबलाय हे कुणालाही न विचारता कळतं.

दूरचं बघून झालं की मग पान. बुरशीचे डाग बऱ्याचदा गोलसर असतात, त्यात वर्तुळं दिसतात आणि भिंगातून पाहिलं तर मधोमध बारीक काळे ठिपके सापडतात. जिवाणूंचे डाग अनेकदा कोनदार असतात, कारण ते पानाच्या शिरांपाशी अडतात. सुरुवातीला असं पान उजेडासमोर धरलं तर डाग तेलकट, पाणी मुरल्यासारखा दिसतो. विषाणूंमुळे डागापेक्षा पानाचा रंग आणि आकार बिघडतो: हिरव्या-पिवळ्या चकत्या, चुरगळलेली पानं, खुजी वाढ. शंका राहिली तर डाग पडलेलं पान ओल्या कागदासोबत झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेवा. बुरशी असेल तर डागाच्या कडेनं तंतू किंवा पूड उगवण्याची शक्यता असते. ही परीक्षा पक्की नव्हे, कारण मेलेल्या पानावर इतर बुरशीही येतात. पण कुठल्या दिशेनं शोधायचं ते तरी समजतं.

आता लिंबू. इथे दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आहेत: पिवळी पानं आणि खोडाचा डिंक. त्यांचं मूळ एकच असण्याची शक्यता मला जास्त वाटते, पण आधी पिवळेपणा नीट वाचू.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांत हिरव्या शिरांची जाळी उठून दिसत असेल, तर लोहाची कमतरता. लोह जुन्या पानांतून नव्या पानांत हलवता येत नाही, म्हणून उपासमार नव्या पानांची होते. मातीत लोह नाही असं दर वेळी नसतं. चुनखडीची किंवा सतत ओली माती ते मुळांना घेऊ देत नाही. नवी पानं बारीक, अरुंद, ताठ आणि शिरांमध्ये पिवळे पट्टे असलेली दिसली तर जस्त कमी पडतंय. जुनी पानं कडेनं पिवळी होत जाऊन देठाकडच्या बाजूला हिरवा त्रिकोण उरत असेल, तर मॅग्नेशियम. जुनी पानं सरसकट फिकट होऊन गळत असतील तर नत्राचा विचार करा.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: पान मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखंच पिवळं होतं. तसं नसेल तर मात्र सावध व्हा. लिंबूवर्गीय झाडांना ग्रीनिंग नावाचा जिवाणूजन्य रोग होतो आणि त्यात पिवळेपणा ओबडधोबड, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला भलताच असा असतो. परीक्षा अशी: पानाच्या मधल्या शिरेपासून सारख्याच अंतरावर डावीकडे आणि उजवीकडे पेननं दोन गोल काढा. दोन्ही गोलांत रंग सारखा दिसला तर बहुधा कमतरता. डावीकडे हिरवं आणि उजवीकडे पिवळं, आणि हेच अनेक पानांवर, तर ग्रीनिंगचा संशय घ्या. सोबत फळ वाकडं, एका बाजूनं खुजं आणि बिया सुकलेल्या असतील तर संशय दाट होतो. हा रोग सायला नावाच्या अगदी लहान किड्यामुळे एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि लागण झालेल्या झाडाला पूर्ण बरं करणारा उपाय आजही नाही. २००५ साली तो अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात सापडला आणि त्यानंतर तिथल्या संत्र्याच्या बागा मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त झाल्या. तुमच्या झाडाला तो आहे असं मी म्हणत नाही. पण पेननं गोल काढायला दोन मिनिटं लागतात, तेवढं कराच.

डिंकाकडे येते. जमिनीलगत डिंक, बुंध्याशी रोजचं पाणी आणि वर पिवळी पानं, हे तिन्ही एकत्र वाचल्यावर माझा पहिला संशय डिंक्या रोगावर आहे. त्याला कारणीभूत होणारा फायटोफ्थोरा हा सूक्ष्मजीव बुरशीसारखा दिसत असला तरी खरी बुरशी नव्हे. त्याचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. खोडाभोवती पाणी साचलं की त्यांना सालीपर्यंत जाण्याचा रस्ताच मिळतो. सगळी बुरशीनाशकं त्याच्यावर चालत नाहीत, आणि पानांवर फवारलेलं औषध बुंध्याच्या सालीपर्यंत पुरेसं पोचेल याचा भरवसा नसतो.

खात्री अशी करा. बुंध्याभोवतीची माती हातानं हलकेच बाजूला सारा, मुळं फुटायला लागतात तिथपर्यंत. डिंकाच्या जागेची साल धारदार, स्वच्छ सुरीनं थोडी खरवडा. निरोगी सालीखाली फिकट, ओलसर, घट्ट थर दिसतो. कुजलेली साल तपकिरी, मऊ आणि आंबूस वासाची असते. तिथे गोल भोक आणि लाकडाचा भुसा सापडला तर गोष्ट वेगळी, मग आत खोडकिडा आहे. खोडाला खिळा, तार, कोयत्याचा घाव यामुळेही डिंक येतो, पण तो त्या जखमेपुरताच. मुळंही बघा. धड मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं बारीक मूळ चिमटीत ओढलं की त्याची वरची साल हातात येते आणि आतला दोरा मागे उरतो.

साल कुजलेली निघाली तर आजूबाजूची निरोगी कड दिसेपर्यंत ती खरवडून काढा, निघालेले तुकडे गोळा करून दूर टाका, एक-दोन दिवस जागा सुकू द्या आणि मग बोर्डो पेस्ट लावा. घरापुरती करायची तर १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना उरलेल्या अर्ध्या लिटरमध्ये वेगवेगळा विरघळवा. चुना पाण्यात उकळतो, म्हणून तो हळूहळू टाका. दोन्ही गार झाल्यावर एकत्र ढवळा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्या, धातूची नकोत. मिश्रणात लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी वापरायची. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, आणि मुलं, पाळीव जनावरं यांना त्या वेळी लांब ठेवा.

या औषधाचा जन्म मोठा रंजक आहे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. पिएर-मारी-अलेक्सिस मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की केवडा रोगानं बाकीच्या वेलींची पानं गळाली तरी या वेली हिरव्याच आहेत. त्यानं प्रयोग करून १८८५ मध्ये ही कृती प्रसिद्ध केली. दहा पावलं मागे जाऊन कुठली झाडं बिघडली आणि कुठली नाहीत हे बघण्यातून काय हाती लागतं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

पेस्टपेक्षाही मोठा उपाय मात्र तुमच्या रोजच्या सकाळच्या कामात आहे. ते बदला, नाहीतर डिंक परत येईल. लिंबाला दुहेरी आळं करा: खोडाभोवती मातीचा उंचवटा, त्याच्या बाहेर पाण्याचं गोल आळं. पाणी खोडाला शिवता कामा नये. अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळं खोडाशी नसतातच, ती घेराच्या कडेकडे पसरलेली असतात, त्यामुळे झाडाचं काही अडत नाही. आणि रोज पाणी नको. चार बोटं माती उकरून आत ओल आहे का पाहा. ओल असेल तर त्या दिवशी सुट्टी. मुळांना हवाही लागते. सतत चिंब मातीत मुळं गुदमरतात, पाणी वर चढत नाही, पानं मलूल होतात आणि ते बघून आपण आणखी पाणी घालतो. मलूल झाड आणि ओली माती एकत्र दिसली तर पाणी ताबडतोब थांबवायचं. कलमी झाड असेल तर कलमाचा सांधा मातीत गाडला गेलेला नाही ना, तेही बघा. बुंध्याचा अर्ध्याहून जास्त घेर कुजला असेल तर मात्र झाड वाचणं अवघड असतं, आणि हे तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं.

आता पेरू. एका बाजूची फांदी वाळण्याची दोन कारणं मला शक्य दिसतात आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिलं कारण साल खाणारी अळी. फांद्यांच्या बेचक्यांत बघा. विष्ठा आणि भुसा जाळ्यात गुंफून केलेली तपकिरी पट्टी सालीवरून जाताना दिसली, तर ती काढा. तिच्याखाली एक भोक असतं, तिथे अळी दिवसा लपते आणि रात्री बाहेर येऊन साल खाते. भोकात तार घालून अळी मारा, भोक चिखलानं बंद करा, वाळलेला भाग कापा, आणि पेरू वाचला.

दुसरं कारण मर रोग. त्याची सुरुवात पुष्कळदा पावसाळ्यात किंवा त्यानंतर दिसते आणि कधी कधी अगदी एकाच बाजूला दिसते. शेंड्याची पानं आधी पिवळसर, तांबूस होतात, किंचित वळतात, गळतात. टोकं उघडी पडतात. फांदीवरची फळं वाढत नाहीत, लहान, कडक, काळपट होऊन तिथेच राहतात. याची मुख्य खूण लाकडात असते. वाळलेल्या आणि जिवंत भागाच्या सीमेवर फांदी आडवी कापा आणि छेद लगेच बघा. सालीखालच्या लाकडात तपकिरी ठिपके, वलय किंवा रेषा दिसल्या तर पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या आतून बाधित झाल्या आहेत.

छेद बघण्याचं महत्त्व किती ते एल्मच्या झाडांवरून कळतं. पहिल्या महायुद्धानंतर नेदरलंड्समध्ये एल्म भराभर मरू लागले, तेव्हा युद्धातल्या विषारी वायूंपासून अवर्षणापर्यंत अनेक तर्क झाले. बेआ श्वार्ट्स या तरुण संशोधिकेनं १९२२ मध्ये त्यामागची बुरशी दाखवून दिली. त्या रोगातही फांदीच्या छेदात अशाच तपकिरी खुणा दिसतात. बाहेरून तहानेचं लक्षण, आत नळ्या बंद.

पेरूला मर झाली असेल तर खात्रीचं औषध नाही. काही झाडं काही आठवड्यांत जातात, काही वर्षभर रेंगाळतात. लवकर सापडलं तर बाधित फांदी बरीच खालून, डाग न दिसणाऱ्या लाकडात कापावी, पाण्याचा निचरा सुधारावा, मुळांना इजा होईल असं खणणं थांबवावं. झाडानं साथ दिली तर ठीक. पूर्ण झाड वाळलं तर ते मुळांसकट काढायचं आणि त्याच खड्ड्यात लगेच दुसरा पेरू लावायचा नाही, कारण रोगाची बुरशी मातीत टिकते. आणि पेरूची कात्री लिंबाला लावण्याआधी पुसा. कात्रीची पाती ७० टक्के अल्कोहोलनं पुसणं पुरेसं आहे. प्रत्येक झाडानंतर, आणि आजारी झाडावर तर प्रत्येक कापानंतर.

कापण्याबद्दल एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण चुकीचा काप हा स्वतःच पुढच्या रोगाचा दरवाजा असतो. अॅलेक्स शिगो नावाचे संशोधक अमेरिकेच्या वनसेवेत होते. त्यांनी हजारो झाडं करवतीनं उभी चिरून आतली कूज कशी पसरते ते पाहिलं. त्यांचं म्हणणं असं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी बरी होत नाही. झाड बिघडलेल्या भागाभोवती भिंती उभारतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कंठ असतो. भिंत बांधायची ताकद तिथे सर्वांत जास्त. म्हणून कंठ तसाच ठेवून त्याच्या लगेच बाहेर कापायचं. खोडाला सपाट भिडवून कापलं तर तो कंठच जातो, आणि वीतभर खुंट ठेवला तर तो कुजून कूज आत नेतो. जाड फांदी आधी खालून थोडी, मग वरून कापून ओझं उतरवायचं, शेवटचा काप कंठापाशी. असं केलं की साल फाटत नाही. डांबर, रंग यांची गरज नसते, आणि पोकळीत सिमेंट तर कधीही भरू नका.

काही गोष्टी रोग वाटतात आणि नसतात. पेरूची साल पापुद्र्यांनी सुटणं हा त्याचा स्वभाव आहे. आंब्याची नवी पालवी तांबूस आणि लोंबती असते. सदाहरित झाडांचीही जुनी पानं पिवळी होऊन गळतात, फक्त आतल्या बाजूची आणि थोडी थोडी. खोडावरचे करडे-हिरवे दगडफुलाचे चट्टे झाडाकडून काही घेत नाहीत, ते खरवडू नका. बांडगूळ मात्र वेगळं. ते फांदीत मूळ घालून झाडाचा रस ओढतं, म्हणून फुलण्याआधी फांदीच्या त्या भागासकट काढा.

आणखी एक विचारायचं राहिलं: गेल्या दोन-तीन वर्षांत झाडांजवळ काही बांधकाम, पाइपसाठी चर, नवी फरशी, मातीची भर? मुळांना झालेली इजा वर दिसायला वर्षं लागू शकतात, आणि तोवर घरातल्या कुणाला तो चर आठवतही नसतो. तुम्ही फरशीचा उल्लेख केलाय. ती आंब्याच्या बुंध्याला भिडलेली असेल तर खोडाभोवती निदान दोन-तीन हात माती मोकळी करा. खोडाला बांधलेली कपड्यांची तार, दिव्यांची माळ, फलकाची दोरी आजच सोडा. खोड जाड होतं तशी ती सालीत रुतते.

एका बाबतीत मात्र निरीक्षण करत बसू नका. खोडाच्या बुडाशी किंवा मोठ्या मुळांवर फळीसारखी कडक अळंबी उगवली असेल, तर बहुधा आतलं लाकूड कुजलेलं असतं, वर पानं हिरवीगार असली तरी. झाड अचानक कलू लागलं, कलत्या बाजूच्या उलट दिशेची जमीन फुगली किंवा तिला भेगा पडल्या, मोठी वाळलेली फांदी घरावर किंवा रस्त्यावर लटकते आहे, यातलं काहीही दिसलं की त्याखालून ये-जा बंद करून झाडांचं काम जाणणाऱ्या माणसाला बोलवा. स्वतः शिडी लावू नका.

आता या आठवड्यात काय करायचं ते. आज पेरूची वाळलेली फांदी बघा: आधी बेचक्यातली जाळी, मग आडवा छेद. उद्या लिंबाच्या बुंध्याची माती सारून साल तपासा आणि पाणी थांबवा. आंब्याचं काम रविवारपर्यंत थांबलं तरी चालेल. तुम्ही वापरत असलेलं बुरशीनाशक तूर्त बाजूला ठेवा.

पेरूच्या छेदात तपकिरी खुणा दिसल्या तर जवळच्या कृषी संशोधन केंद्रात नमुना न्या. पूर्ण मेलेली काटकी नेऊ नका, तिच्यावरून काही कळत नाही. मेलेला आणि जिवंत भाग दोन्ही असलेला वीतभर तुकडा आणि थोडी बारीक मुळं कोरड्या कागदात गुंडाळून त्याच दिवशी न्या. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटून नमुना सडतो. सोबत कागदावर लिहा: झाडाचं वय, पाणी किती आणि कधी, पहिलं लक्षण कधी दिसलं, काय काय फवारलं. आणि छेदाचा व लिंबाच्या खरवडलेल्या सालीचा फोटो मला पाठवा. लिंबाचे डाग किती घेरात आहेत ते बघून पेस्ट पुरेशी आहे की आणखी काही करावं लागेल, ते मी पुढच्या सदरात सांगते.